न ऐकता हलवलेली मान

कानाला मशीन लावलं की लोकांना वाटतं, सुटली बाई एकदाची. चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येणार. मलाही असंच वाटलं होतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या सुनेला आता मशीन घ्यायला सांगितलंय. ती परवा मला विचारत होती, "मॅडम, कसं असतं हो ते?" मी तिला म्हटलं, तोंडी सांगत नाही, लिहून देते. तोंडी सांगायला बसले असते तर मला रडू आलं असतं आणि तिनं मशीन घ्यायचं टाळलं असतं. मशीन घ्यायला तर पाहिजेच. म्हणून हे लिहिते आहे.

यात धीर देण्यासारखं फार काही नाही, आधीच सांगते. धीर देणारे लोक रस्त्यात पदोपदी भेटतात. माझं काय झालं आणि त्यात मी काय चुकले, एवढंच इथे आहे.

* * *

माझे कान गेले ते टीबीच्या सुयांनी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नगरपालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. वैशाली, माझी एकुलती एक मुलगी, चार वर्षांची असताना तिचे वडील गेले. पुढे दोन वर्षांनी मला खोकला लागला आणि संध्याकाळचा ताप येऊ लागला. वैशालीला धाकट्या दिरांकडे, मधुकर भावजींकडे ठेवलं आणि मी दवाखान्यात जाऊन पडले.

तिथला दिवस ठरलेला होता. सकाळी थर्मामीटर, मग सुईची ट्रॉली, मग पेज. ट्रॉलीचं एक चाक वाकडं होतं, त्यामुळे ती वॉर्डाच्या दारातून शिरली की कर्र कर्र करत यायची. तो आवाज आला की आम्ही बायका आपोआप कुशीवर वळायचो. एके दिवशी ट्रॉली माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नाही. मी सिस्टरला म्हटलं, "बरं झालं, चाकाला तेल घातलंत." ती माझ्याकडे बघत राहिली आणि सुई टोचून गेली.

त्याच्या आधी काही दिवस कानात रातकिडे ओरडायला लागले होते. दिवसाढवळ्या. मी डॉक्टरांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तर मला भीती वाटली की हे लोक सुया बंद करतील. शेजारच्या खाटेवरची येवल्याची बाई नुकतीच गेली होती. तिला सुया उशिरा सुरू झाल्या, असं सगळे म्हणत होते. घरी सहा वर्षांची पोर बिनबापाची. मी मनात म्हटलं, ओरडू देत रातकिडे.

टीबी बरा झाला. वजन वाढलं, रंग आला. लोक भेटायला येऊन तोंडं हलवत आणि मी हसत असे. हसून वेळ निभावायची सवय मला तिथे लागली. त्या सवयीनं पुढे माझं काय केलं ते येईलच.

* * *

कानाचा डॉक्टर मेन रोडला होता. भावजी बरोबर आले होते. डॉक्टरांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाले, मी मागून एकेक शब्द बोलतो, तुम्ही तो परत म्हणायचा. माझ्या समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांचे ओठ मला स्वच्छ दिसत होते. मी आठ-दहा शब्द धडाधड म्हणून दाखवले. भावजींचा चेहरा उजळला. डॉक्टरही चक्रावले. मग त्यांचं लक्ष कपाटाकडे गेलं, त्यांनी माझाच केसपेपर उचलून तोंडापुढे धरला आणि पुढचा शब्द बोलले.

मी वाट बघत बसले. काचेत नुसता कागद दिसत होता. थोड्या वेळानं तो खाली आला आणि मागे भावजी खुर्चीत मान घालून बसलेले दिसले.

जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेली मास्तरीण मी, अशी कॉपी करताना पकडली गेले. त्या वेळी त्याची लाज वाटली. आता वाटतं, तपासणीत फसवून मला कुणाला फसवायचं होतं? पण कान गेलेलं माणूस ते लपवायला जो आटापिटा करतं, तेवढा ते परत मिळवायला करत नाही. हे सगळ्यांना लागू असेल असं नाही. मला लागू आहे.

डॉक्टर म्हणाले, "कानात आवाज येत होते तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई."

* * *

मशीन मुंबईहून आणलं. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला कानात घालायची गोळी. पुरुष ती डबी शर्टाच्या खिशाला लावतात. बाईला खिसा नाही. मग ती ब्लाउजमध्ये अडकवायची, वर पदर घ्यायचा आणि वायर केसांमागून न्यायची.

मशीन ज्या खोलीत लावलं तिथे दार बंद होतं, खाली गालिचा होता, पंखा नव्हता. समोर बसलेले गृहस्थ म्हणाले, "कुठून आलात?" आणि मला ऐकू आलं. माणसाच्या तोंडून निघालेलं आख्खं वाक्य! मी म्हटलं, "नाशिकहून," आणि मला माझाही आवाज ऐकू आला. तिथेच मी पदर तोंडाला लावून रडले. भावजी पण रडले. मनात आलं, आता घरी जाऊन वैशालीला कविता म्हणायला लावायची.

संध्याकाळी एसटीनं नाशकात आलो. द्वारकेच्या चौकात उतरल्यावर भावजी माझ्याकडे तोंड करून काहीतरी बोलले आणि मला एक अक्षर कळलं नाही. ट्रक, टांगे, रिक्षांचे भोंगे, फळवाल्यांच्या आरोळ्या, सगळं एकदम कानात ओतल्यासारखं झालं. माणसाचा आवाज त्यातच कुठेतरी होता, पण निवडून कसा काढायचा? चांगल्या कानाचं माणूस गर्दीत आपल्याला हवा तो आवाज आपोआप वेचतं, ते कसं वेचतं हे त्याला माहीतसुद्धा नसतं. मशीनला ते येत नाही. ते भोंगाही मोठा करतं आणि दीरही मोठा करतं. मी भर रस्त्यात कानातली गोळी उपटून काढली.

घरी आल्यावर वैशाली पळत आली आणि कविता म्हणायला लागली. बाजूला तिच्या काकू भांडी घासत होत्या. मला भांडीच ऐकू आली. मी हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "छान." पोरगी खूश झाली.

* * *

शाळा मात्र सुटली नाही. हेडमास्तर भले होते. पन्नासेक पोरांचा वर्ग म्हणजे काय कालवा असतो ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. मी तोंडी प्रश्न बंद केले. पाटीवर उत्तर लिहा आणि पाटी वर धरा. पोरांना ते आवडायचं. पाढे सगळ्यांनी मिळून म्हणायचे, एकेकट्यानं नाही. कुणी माझ्याकडे बघून काही विचारलं आणि कळलं नाही तर मान हलवायची. लहान पोरांच्या प्रश्नाला हो म्हटलं की शंभरातल्या नव्वद वेळा भागतं. पोरगं पाणी प्यायला जातं नाहीतर लघवीला. एवढ्यावर मी दहा वर्षं काढली आणि मला त्याचा अभिमानही होता.

घराबाहेर वैशाली बरोबर असायची. बाजारात, बँकेत, लग्नकार्यात ती माझ्या समोरच्या बाजूला उभी राहायची आणि लोक बोलतील ते आवाज न करता ओठांनी मला सांगायची. तिचे ओठ मला पुस्तकासारखे वाचता येत. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. लहानपणी तिला त्याची मौज वाटे. पुढे चिडायची. तेरा-चौदा वर्षांची असताना एकदा म्हणाली होती, "मला माझं काही बोलायचं असतं गं आई, सारखं दुसऱ्यांचंच काय सांगू?" मी तिला रागावले होते.

वैशाली हुशार निघाली. बी.एस्सी.ला गेली, केमिस्ट्रीत तिला रस होता. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली, तेव्हा पंच्याऐंशीचा उन्हाळा होता. एक वर्ष राहिलं होतं.

* * *

स्थळ इगतपुरीचं. मुलगा रेल्वेत लागलेला, घरचे आमच्यासारखेच बौद्ध, मुलाचे वडील लोकोत, म्हणजे इंजिनांच्या शेडमध्ये, जन्म काढून रिटायर होत आलेले. मुलगा वैशालीला पसंत होता. तो एका नातेवाइकांच्या घरी येऊन तिला भेटून गेला होता. तिचं म्हणणं एवढंच, की लग्न डिग्री झाल्यावर. मी तिला शब्द दिला होता. अगदी हातात हात घेऊन म्हटलं होतं, "तुझं वर्ष मी जाऊ देणार नाही."

बैठकीच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "आई, वर्षभर थांबायचं ते काकांना बोलू दे. खूप माणसं असतील. तुला कळणार नाही."

मला राग आला. "मी आई आहे तुझी. माझ्या मुलीचं मी बोलणार. काका कशाला?"

"अगं, मी तुझ्या समोर नसणार ना उद्या."

खरं होतं ते. पाहायला आलेल्या मंडळींपुढे मुलीनं खाली मान घालून बसायचं. बाकी सगळ्या रीती आम्ही सोडल्या होत्या, ही सुटली नव्हती. मी म्हटलं, "माझी काळजी करू नकोस, मी बघते."

दुसरी गोष्ट भावजींनी सांगितली. "वहिनी, मशीन दिसू देऊ नका. उगाच त्यांच्या मनात येईल की आईला आहे, उद्या पोरीला आणि तिच्या पोरांना होईल. तुमचं औषधानं झालंय हे कुणाकुणाला पटवत बसणार? शिवाय टीबीचं सांगावं लागेल." मला ते शंभर टक्के पटलं. मी कडक स्टार्चची नवी साडी नेसले, डबी आत खोल अडकवली, वर दोन पदरी पदर घेऊन पिन लावली. डोक्यावरून पदर घेतला, म्हणजे वायर झाकली जाईल. आरशात बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मशीन जिथे आवाज टिपतं नेमकं तिथेच मी दोन थर कडक कापड आवळून बांधलं होतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

* * *

आमची खोली ती केवढी, त्यात त्यांच्याकडची नऊ माणसं आणि आमची सहा-सात. टेबलफॅन सुरू. आत स्टोव्ह पेटलेला, त्यावर जाऊबाई पोहे करत होत्या. स्टीलच्या ताटल्या हातोहात फिरत होत्या. तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील झालं, तेवढं मला सगळ्यांबरोबर म्हणता आलं, कारण ते पाठ आहे. त्यानंतर बोलणी सुरू झाली आणि मी बुडाले.

मी श्वास घेतला की पदर डबीवर घासायचा, खर्र. हात उचलला की खर्र. त्याच्या मागे स्टोव्ह आणि फॅन. त्याच्याही मागे माणसं, आणि ती सगळी मोठमोठ्यानं बोलणारी. मोठ्यानं बोललं की मशीनमध्ये शब्द फुटतो, नुसता फाटका आवाज येतो. व्याह्यांच्या भरघोस मिशा ओठांवर आलेल्या, तोंडात पान. ओठ वाचायची सोय नाही. मी एकाच्या तोंडाकडे बघावं तोवर दुसरा बोलायला लागे. लोक हसले की मी हसत होते. वैशाली पाहुण्यांपुढे पाटावर, मान खाली.

माझं वाक्य मी घोकून ठेवलं होतं: आमची एकच विनंती आहे, तिचं शेवटचं वर्ष होऊ द्या. माझी पाळी येईल, मला विचारतील, तेव्हा बोलायचं.

मग सगळे एकदम माझ्याकडे वळले. व्याही बराच वेळ बोलले आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता. बाकीचे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी मनाशी धरून चालले होते की पहिल्यांदा विचारतील ते हेच, मुलगा पसंत आहे ना? दुसरं काय विचारणार? मी हसले, हात जोडले आणि मान हलवली.

खोलीत आनंदीआनंद झाला. कुणीतरी माझ्या हातावर साखर ठेवली. मी तोंड उघडलं, माझं वाक्य बोलायला. तेवढ्यात व्याही उठले, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, बोट ओलं करून एक पान उलटलं आणि मे महिन्यावर बोट ठेवलं. सगळे वाकून बघायला लागले.

वैशालीनं मान वर केली होती. ती माझ्याकडे बघत होती.

त्यांनी काय विचारलं होतं ते मला नंतर भावजींकडून कळलं. ते म्हणाले होते, "मंग बाई, ह्याच उन्हाळ्यात उरकून टाकू. एकदा पाऊस लागला का आमच्याकडं चार महिने काय हालचाल करता येत नाय. पोरीचं शिक्षण तिकडं आल्याव बघू. तुमाला चालन ना?"

* * *

आता जे सांगते ते मी चार वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मंडळी गेल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, तुमचं तर पुढच्या वर्षाचं ठरलं होतं. एकदम कसं हो म्हणालात?"

ते जवळ आले, अगदी तोंडासमोर तोंड आणून हळू विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. फॅन बंद होता. स्टोव्ह विझला होता. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं इगतपुरीला जाऊन सांगून आले असते. पण त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती, मेन रोडच्या डॉक्टरकडे होती तशीच, आणि मला ती सहन झाली नाही. एवढ्या माणसांत मी आई म्हणून बसले होते. त्यांच्यासमोर नंदीबैलासारखी मान हलवली, हे कबूल कसं करू? आणि कबूल केलं तर मशीनही बाहेर पडणार, स्थळ मोडणार, मग बहिरीची पोरगी म्हणून दुसरं कोण येणार? ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी कारण एकच होतं, लाज.

मी म्हटलं, "आलं की ऐकू. मीच विचार बदलला. चांगलं स्थळ आहे, वर्षभर कशाला लटकवून ठेवायचं?"

"मग झालं तर," भावजी म्हणाले.

वैशाली आत ताटल्या विसळत होती. मी आत गेले. तिनं हात थांबवला आणि माझ्याकडे तोंड करून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "ठरलं?"

मी म्हटलं, "हो."

ती परत ताटल्या विसळायला लागली.

* * *

मे महिन्यात लग्न झालं. तेव्हाही मशीन पदराखालीच होतं. लाउडस्पीकरमुळे काही कळलं नाही, कळायची गरजही नव्हती.

जावई माणूस चांगला आहे. त्याच्यात खोट काढता येईल असं काही नाही. पण इगतपुरीहून नाशिकच्या कॉलेजला रोज येणं-जाणं जमेना, त्यातच तिला दिवस गेले. मग सासूबाई आजारी पडल्या. फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. पहिल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. भिंतींना ओल आली होती, कपडे आठ-आठ दिवस वाळत नव्हते, आणि तिनं आपली केमिस्ट्रीची पुस्तकं चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली होती. मी विचारलं, इथे का गं? तर म्हणाली, "तिथेच कोरडी राहतात."

बहिरेपणाचं बिंग दोन-तीन महिन्यांत फुटलं. फुटणारच होतं. व्याह्यांनी माझी वायर बघितली आणि हसून, माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाले, "आवं बाई, यात काय लपवायचं? माझाबी एक कान गेलाय. आमच्या लोकोत सगळे निम्मे बहिरेच हायेत." पुढे नातू झाल्यावर एकदा गप्पा निघाल्या, तेव्हा मीच धीर करून म्हटलं, तिचं एक वर्ष राहिलं. त्यावर ते म्हणाले, "मंग सांगायचं व्हतं की तव्हा. आमी थांबलो असतो. आमाला काय लय घाई नव्हती."

मी त्या दिवशी जेवले नाही.

ज्याच्या भीतीनं मी गप्प बसले, ती भीती कुठे नव्हतीच.

* * *

त्या सुनेसाठी म्हणून चार गोष्टी लिहिते. मशीन कापडाखाली घालू नकोस. खोलीत शिरल्यावर आधी फॅन आणि स्टोव्ह बंद करायला सांग, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. भिंतीला पाठ लावून बस, उजेड समोरच्याच्या तोंडावर पडू दे. जादा सेल जवळ ठेव. हे सगळं मला हळूहळू कळत गेलं आणि त्यानं थोडंफार बरं होतं. थोडंफारच. गर्दीत बोललेलं मला आजही कळत नाही आणि आता कळेल अशी आशा मी सोडली आहे. लग्नाच्या पंगतीत मी ताटात बघून जेवते. सहलीला जात नाही. मैत्रिणी कमी झाल्या.

आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हण. दहा वेळा म्हण. लोक वैतागतील, वैतागू देत.

हे मी शिकवते आहे, पण मला ते जमलं तेव्हा त्या बैठकीला चार वर्षं उलटून गेली होती.

* * *

गेल्या दिवाळीत वैशाली आली होती. दुपारची वेळ, नातू झोपला होता. आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. मी सेल नवे घातले होते. मी किती दिवसांचं मनात धरून ठेवलं होतं ते एकदम बोलून टाकलं. तिच्याकडे न बघता.

"त्या दिवशी बैठकीत मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी विचार बदलला नव्हता. मी नुसती मान हलवली."

ती लसूण सोलत राहिली. मला वाटलं, तिनंच ऐकलं नाही. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तू हसलीस ना, तेव्हाच कळलं. ऐकू आलं नाही की तू तशी हसतेस. मी लहानपणापासून बघते."

"मग बोलली का नाहीस तू? तिथेच बोलायचंस!"

"काय बोलू? आईला ऐकू येत नाही, परत विचारा, असं? नऊ माणसांसमोर? तू एवढं झाकून-पाकून बसली होतीस." तिनं सालं सुपाच्या कडेला सारली. "मला वाटलं, तू काकांना सांगशील. मग तू मला हो म्हणालीस. तरी मला वाटलं, आज लाज वाटली असेल, उद्या सांगेल. रोज वाटायचं. पत्रिका छापून आल्या तेव्हासुद्धा वाटत होतं. मी लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत वाट बघितली, आई."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

चार वर्षं मी दोष कानांना देत होते, सुयांना, मशीनला, त्या कडक साडीला. आता त्यातलं काही उरलं नाही. महिनाभर एक मुलगी माझ्याच घरात माझ्यासमोर वावरत होती, माझ्या एका वाक्याची वाट बघत होती, आणि ते वाक्य बोलायला कान लागत नव्हते.

बहिऱ्या माणसाला एक सोय असते. नको ते कानावर पडायला लागलं की डबीचं बटण फिरवायचं, सगळं बंद. मी हे अनेकदा केलं आहे. भावजी बोलत असताना केलं आहे, खुद्द वैशाली बोलत असतानाही केलं आहे. त्या दुपारी माझा हात पदराखाली बटणापर्यंत गेला. घर शांत होतं आणि तिचा शब्दन् शब्द मला स्वच्छ कळत होता.

तिला अजून बोलायचं होतं. मी हात बाहेर काढला आणि ऐकत बसले.